महिला समानता खातं, अबू हलीफा

मी खोटं बोलले. तेही सिग्नलला, आणि तेही अशा बाईशी, जी मला आयुष्यात पुन्हा कधी भेटणार नव्हती. मे महिन्याची संध्याकाळ, साल दोन हजार पाच, कुवेतमधल्या हवल्लीत गाड्यांची ही गर्दी आणि सगळे हॉर्न वाजवतायत. रागानं नाही, आनंदानं, हे कळायलाच मला दोन मिनिटं लागली. मी सईदाच्या शेजारी बसले होते. सईदा माझी इथली मैत्रीण, मूळची दापोलीकडची. तिच्या नवऱ्याचं, अहमदभाईंचं, हवल्लीत स्टेशनरीचं दुकान आहे आणि खरं तर ते तीच चालवते. पलीकडच्या गाडीची काच खाली गेली. फिकट निळा टीशर्ट घातलेली पन्नाशीची एक कुवेती बाई अर्धी बाहेर वाकली आणि तिनं चॉकलेटचा डबा माझ्या नाकासमोर धरला. "मबरूक! वी गॉट द व्होट! टुडे!" तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि ती हसत होती. मी चॉकलेट घेतलं, मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हटलं. मग तिनं सहज, कौतुकानंच विचारलं, "यू आर इंडियन, नो? यू ऑलवेज व्होट." आणि मी म्हटलं, "येस, येस. ऑलवेज." सिग्नल सुटला, ती गेली, आणि माझ्या हातात ते चॉकलेट वितळायला लागलं.

आता यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय होतं? काही नाही. पण मी तोंडातल्या तोंडात हिशेब करत बसले. माझं वय अडतीस. एकोणनव्वद साली मी पुण्याला हॉस्टेलवर होते आणि माझं नाव नाशिकच्या यादीत होतं; एका मतासाठी एस्टीनं कोण जाणार, म्हणून गेले नाही. एक्याण्णव साली निवडणूक आली ती नेमकी माझ्या लग्नाच्या आठवड्यात. मी निघालेही होते, पायात चप्पल घातली होती, पण आई दारात आडवी आली. "अगं, बोटाला शाई लागेल, चार दिवस जात नाही. फोटोत मेंदीच्या हातावर काळा डाग बरा दिसतो का?" मलाही ते पटलं, हे जास्त वाईट. फोटोत माझे हात सुरेख आलेत. दोन वर्षांनी नवऱ्याच्या, प्रतापच्या, मागोमाग इथं आले, आणि इथून आपल्याकडचं मत काही देता येत नाही. म्हणजे अख्ख्या आयुष्यात मी कधीही, कुठंही, कशालाही मत दिलेलं नव्हतं. "काय गो, तोंड का पाडलंस? कडू आहे काय चॉकलेट?" सईदानं विचारलं. मी म्हटलं, "सईदा, तू दिलंयस कधी मत?" "दिलंय की. लग्नाच्या आधी. अब्बा घेऊन गेले होते. कुणाला दिलं ते इचारू नको, चित्र चांगलं वाटलं त्याच्यावर मारला शिक्का," ती म्हणाली आणि मोठ्यानं हॉर्न वाजवला, बाकीचे वाजवत होते म्हणून. मला तिचा हेवा वाटला.

घरी आले तर शलाका, माझी बारा वर्षांची मुलगी, टीव्हीसमोर पाय पसरून तेच बघत होती: कुवेतच्या संसदेनं बायकांना मताचा हक्क दिला. मी न राहवून तिला सांगून टाकलं. "मॉम! नेव्हर? लाइक, एव्हर?" तिनं इतके मोठे डोळे केले की मला मी चोरी केल्यासारखं वाटलं. "ईव्हन आय व्होटेड. फॉर क्लास मॉनिटर." वर आणखी, "इट्स ओके, मॉम." हे 'इट्स ओके' कुणी या पोरांना शिकवलं कोण जाणे, कानाखाली वाजवावीशी वाटते. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून उगाच भांडी घासली. मे महिन्यात इथं गार पाण्याच्या नळालाही पोळेल असं पाणी येतं. हात लाल झाले तरी मी घासत होते, कारण मला नेमकं काय बोचतंय ते सापडत नव्हतं. राजकारणाचं मला काडीचं वेड नाही. पेपर आला की मी आधी शब्दकोडं उघडते. मग ती निळ्या टीशर्टातली बाई माझ्या कानात का बसली होती? तिला मत मिळालं होतं आणि ती रडत होती, आणि मला ते फुकट मिळालं होतं तर मी त्याऐवजी मेंदी निवडली होती.

इथं आमच्या मंत्रिमंडळाचं सांगायला हवं. अबू हलीफा, मंगफ या बाजूला राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांचं एक छोटं मंडळ आहे, अडतीस कुटुंबांचं. एक्याण्णवच्या आखाती युद्धानंतर रिफायनऱ्या पुन्हा उभ्या करायला जी माणसं परत आली त्यांनी ते काढलं. पहिले अध्यक्ष मुकुंदराव देवस्थळी, भलते हौशी गृहस्थ. त्यांनी कार्यकारिणीला मंत्रिमंडळच करून टाकलं. स्वतः मुख्यमंत्री, खजिनदार तो अर्थमंत्री, वडे-सामोशांचं बघणारा तो अन्नमंत्री. गंमत गंमत म्हणता नावं चिकटली. पंचाण्णव साली जगात कुठं तरी बायकांची मोठी परिषद भरली, ते मुकुंदरावांनी पेपरात वाचलं, आणि पुढच्याच बैठकीत जाहीर केलं: आपल्याकडेही 'महिला समानता मंत्री' हे पद निर्माण करण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. पहिल्या मंत्री अर्थातच सौ. देवस्थळी. बिचाऱ्या आतून चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्यांना दारातच कळलं. गेल्या वर्षीपासून मुख्यमंत्री माझा नवरा आहे, म्हणून महिला समानता मंत्री मी आहे. हा असा वारसा.

पदाला दहा वर्षं झाली म्हणून मंडळाच्या स्मरणिकेत दोन पानं हवी होती. प्रताप म्हणाला, "तुझंच खातं, तूच लिही. इतिहास वगैरे. हलकंफुलकं." प्रताप इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस; त्याला जगातली प्रत्येक गोष्ट एक तर चालू दिसते नाही तर बंद. मग पावाला लोणी लावता लावता पुढे म्हणाला, "आणि शेवटी एक ओळ टाक, की हे खातं आता अन्न खात्यात विलीन होतंय. सतरा जूनच्या सभेत ठराव आणतोय. निखिलनं मसुदा केलाय." निखिल आमचा सचिव, चाळिशीचा, पुण्याचा, काटेकोर. मी म्हटलं, "विलीन?" "अगं, तसंही तूच सगळं बघतेस खाण्याचं. दोन दोन नावं कशाला? तुझाच त्रास वाचवतोय मी." हे तो खरंच मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत. वाईट हेतूनं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. माझा त्रास वाचवण्यासाठी या माणसानं काय काय केलंय! बँकेचं तो बघतो, इकाम्याचं, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचं, तो बघतो, नाशिकला बहिणीच्या मुलीला साखरपुड्यात काय द्यायचं तेही ऑफिसातून फोन करून परस्पर ठरवतो. चौदा वर्षांत माझा इतका त्रास वाचलाय की मी कुठं उरलेय ते शोधावं लागेल. त्या सकाळी मी एवढंच म्हटलं, "बघते." आणि त्याचा डबा भरून दिला.

मग पंधरा दिवस दुपारी जेवणाच्या टेबलावर इतिवृत्ताच्या वह्या. बाहेर ऊन असं की पडदा बाजूला केला तर समुद्र पांढरा दिसायचा. आत एसीची घरघर आणि वहीच्या पानांना येणारा जुना मसाल्याचा वास, कारण या वह्या कायम कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या कपाटात राहिल्या होत्या. वाचता वाचता मला हसूही येत होतं. सत्त्याण्णव साली माझं खातं बालविभागाला जोडलं, 'महिला म्हटलं की मुलं आलीच' या कारणानं. नव्याण्णव साली त्याला अल्पोपहार चिकटला. त्याच वर्षी इथल्या अमिरांनी बायकांना मत देण्याचा हुकूम काढला होता आणि संसदेनं तो पाडला होता. आमच्या वहीत त्याचा एक शब्द नाही, बटाटेवडे कमी पडले त्याचा मात्र सविस्तर खेद आहे. दोन हजार एकला 'योग्य उमेदवाराअभावी पद रिक्त'. त्या साली सगळ्या जणींनी वडे तळायला ठाम नकार दिला होता, मला चांगलं आठवतंय. दोन हजार तीनला इराकच्या लढाईच्या धास्तीनं बायकापोरांना भारतात धाडलं, तेव्हाची नोंद: 'महिला उपस्थित नसल्याने महिला खाते तहकूब.' आणि खाली अन्नमंत्र्यांचा अहवाल: साबुदाणा भिजत घालायचा असतो हे माहीत नसल्यानं खिचडी टाकून द्यावी लागली. मी एकटीच टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. शलाका खोलीतून ओरडली, "मॉम, आर यू क्राइंग?" मी म्हटलं, "नाही गं, इतिहास वाचतेय."

पण तिसऱ्या वहीत हसू थांबलं. प्रत्येक बैठकीच्या वर 'उपस्थित मंत्री' अशी यादी असते. तिच्यात महिला समानता मंत्री नाही. एकदाही नाही. दहा वर्षांत एका बैठकीतही नाही. तिचं नाव येतं ते पान उलटल्यावर, अगदी तळाशी: 'चहापानाची व्यवस्था सौ. अमुक यांनी उत्तम ठेवली होती.' माझंही तिथंच होतं. मागच्या वर्षी गणपतीच्या बैठकीत मी तीन तास त्या खोलीत बसले होते, स्पीकर कुणाचे भाड्यानं घ्यायचे यावर बोलले होते, आणि मी सुचवलेलेच स्पीकर आणले होते. वहीत लिहिलंय, 'सर्वानुमते ठरले.' आणि खाली, 'चहापान: सौ. प्रणिता.' मला राग आला नाही, खरंच नाही. वाटलं ते असं: आपण एखाद्या फोटोत आहोत अशी खात्री असावी आणि फोटो पाहिला तर आपल्या जागी नुसती खुर्ची. मी पहिल्या वहीत चिकटवलेली मंडळाची घटना काढली. दोन पानं, टंकलिखित. दहा वर्षांत ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही, मीही नव्हती वाचली. कलम चार: 'प्रत्येक सभासद कुटुंबास एक मत राहील.' मी ते चार वेळा वाचलं. कुटुंबास. कुटुंबप्रमुखास नाही, पुरुषास नाही. हात कुणाचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षं हे पुरुष पुढच्या खुर्च्यांवर बसून हात वर करत होते आणि आम्ही मागे टेबलाशी कागदी बशा मांडत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की तसा नियमच आहे.

मी सईदाला फोन केला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "थांब, मी झेरॉक्स काढते." "किती?" "चाळीस. कागद घरचाच आहे." आणि दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या इमारतीतल्या, शेजारच्या इमारतीतल्या, मंगफच्या, सगळ्या जणींना ती प्रत पोचवली, वर पेन्सिलीनं कलम चारला गोल करून. त्याच आठवड्यात पेपरात फोटो आला, या देशाला पहिली महिला मंत्री मिळाली होती. तिला महिलांचं खातं दिलं नव्हतं, नियोजनाचं दिलं होतं, ते मला फार आवडलं. प्रताप चहा पिता पिता तो फोटो बघून म्हणाला, "चला, सुधारले लोक." त्याला सांगावं का? सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हो का, बरं, ठराव मागे घेतो, तुला त्रास नको. आणि ते पुन्हा त्यानंच दिलेलं झालं असतं. म्हणून मी गप्प बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापासून काही तरी लपवून ठेवण्याची मजा मला कळली. स्मरणिकेची दोन पानं लिहून झाली होती. शेवटची ओळ मी लिहिली नव्हती.

सतरा जून, शुक्रवार, सकाळचे दहा. आमच्याच इमारतीच्या तळघरातला हॉल. पुढे पुरुष, मागे आम्ही, मध्ये पोरांचा धुमाकूळ. ठराव निखिलनं वाचला. प्रताप अध्यक्षांच्या खुर्चीत, इस्त्रीच्या झब्ब्यात, छान दिसत होता. "अनुकूल?" पुढे हात वर गेले, निखिलनं पेननं मोजले: एकतीस. अध्यक्षांचाही त्यात होता. "प्रतिकूल?" निखिलनं विचारलं ते वहीत डोकं घालूनच, कारण प्रतिकूल कधी नसतंच. मी हात वर केला. बांगड्या वाजल्या, आणि मला वाटलं, काय हा आचरटपणा, अडतीस वर्षांची बाई, सामोशांच्या टेबलाशी उभी राहून! मग शेजारी सईदाचा हात गेला. मग शेवग्याच्या शेंगेसारख्या सडपातळ हुस्नाचा, मग एकेक करत सगळीकडे. निखिलनं मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला. तरी माणूस शिस्तीचा, त्यानं मोजले. "सव्वीस. एकतीस अधिक सव्वीस, सत्तावन्न. पण कुटुंबं अडतीस आहेत!" पुढून कुणी तरी म्हणालं, "अहो, महिलांची मतं धरत नाहीत." मी म्हटलं, "निखिल, कलम चार वाचा." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा फारच मोठा निघाला. त्यानं वाचलं. मग मनात वाचलं. मग पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला, "घराला एक मत. मग ज्या घरातून दोन हात आलेत त्यांनी आपसात ठरवा." आणि जो काही गोंधळ उडाला! नवरे उठून मागे आले, बायका पुढे गेल्या, कोपऱ्याकोपऱ्यात दबक्या आवाजात खडाजंगी. "तू मला घरी का नाही सांगितलंस?" "तुम्ही घरी कधी विचारलंत?" अहमदभाईंनी जागेवरूनच हात खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुकान तीच चालवते, मतपण तिचाच लिहा." हशा झाला. तेवढ्यात प्रतापनंही हात खाली घेतला. हसत, मान थोडी झुकवून, एखाद्या बाईसाठी दार उघडून धरतात तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वा, मुख्यमंत्री, वा! मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण त्या टाळ्या ऐकून माझ्या डोक्यात एकदम सणकच गेली. त्या टाळ्या त्याला होत्या. माझं मत होतं आणि टाळ्या त्याला होत्या.

घरी मी त्याला तू म्हणते, मंडळात अहो. ते विसरलेच. "प्रताप," मी म्हटलं, "हात खाली का घेतलास? माझं पटलं म्हणून, की भांडण नको म्हणून?" धुमाकूळ घालणारी पोरंसुद्धा थांबली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि तो विचार करायला लागला. खरोखर विचार करताना तो कपाळाला आठ्या घालतो, लग्नाच्या आधी मला ते फार आवडायचं. "भांडण नको म्हणून," तो म्हणाला. "आणि मत?" "मत तेच आहे. दोन खाती कशाला, एक पुरे." "मग वर कर." "काय?" "हात. तुझं मत आहे ना ते? मग वर कर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहतात तसं नाही. समोरच्या बाकावरच्या माणसाकडे पाहतात तसं. आणि त्यानं हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता. माझाही वर होताच. आम्ही दोघं हॉलच्या दोन टोकांना हात वर करून एकमेकांकडे बघत उभे होतो आणि मला तो इतका आवडला की काय सांगू, चौदा वर्षांत इतका कधी आवडला नव्हता. निखिल रडकुंडीला आला. "अहो, पण तुमच्या घराचं काय लिहू मी?" प्रताप म्हणाला, "मतभेद लिही." निखिलनं लिहिलं. म्हणजे माझं आयुष्यातलं पहिलं मत बाद झालं, आणि मला हसू आवरेना.

"आमच्यापण घरचं मतभेदच लिहा," हुस्ना म्हणाली. तिचा नवरा यूसुफ आधी दचकला, मग त्यानं अभिमानानं मान हलवली, आपल्या घरातही काही तरी आहे अशी. मग मंगफचे दोघं. मग अन्नमंत्री आणि त्यांची बायको. निखिल लिहीत गेला, मतभेद, मतभेद, मतभेद, आणि एकोणिसाव्या घराला त्यानं पेन खाली ठेवलं. "अर्धं मंडळ मतभेदात आहे. असा ठराव होतच नाही. मग काय आता घरं सोडून माणसं मोजू?" "मोज की," सईदा म्हणाली, "कोणी अडवलंय?" निखिलनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांचा हात अजून वरच होता. त्यांनी दुसऱ्या हातानं खूण केली, कर सुरू. "पुढून, की मागून?" निखिलनं विचारलं. "मागून," अध्यक्ष म्हणाले. निखिलनं वही उचलली, खुर्च्यांमधून वाट काढत, पोरांना बाजूला सारत तो सामोशांच्या टेबलापर्यंत आला. घाम पुसला. माझ्यासमोर उभा राहिला, नवं कोरं पान काढलं, पेनचं टोक नीट माझ्या दिशेनं धरलं आणि मोठ्यानं म्हणाला,

"एक."